एकाच्या नकारावर अडलेला युरोप

ऱ्हाइनकाठची | २३ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

मी जर्मनीतल्या केल या छोट्या गावात राहते. ऱ्हाइनच्या या काठाला आम्ही, त्या काठाला फ्रान्सचं स्ट्रासबर्ग. मधल्या पुलावरून २०१७ पासून स्ट्रासबर्गची ट्रॅम थेट आमच्या गावात येते. माझं ऑफिस पलीकडे, मुलीचा गाण्याचा क्लास पलीकडे. पलीकडची माणसं शाम्पू, डायपर आणि सिगारेटी घ्यायला आमच्याकडे येतात, कारण इथे स्वस्त पडतं. सकाळी मी फ्रान्समध्ये जाते आणि संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी घेऊन जर्मनीत परत येते. पहिली काही वर्षं आपण रोज दुसऱ्या देशात जातो हे लक्षातही यायचं नाही.

१६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने जमिनीवरच्या सगळ्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली. "तात्पुरती" म्हणून. मुदत वाढत वाढत सप्टेंबर २०२५ मध्ये १५ मार्च २०२६ पर्यंत गेली. पूल ओलांडला की पहिल्या थांब्यावर कधीकधी दोन पोलिस ट्रॅममध्ये चढतात आणि ओळखपत्रं बघतात. वागायला सभ्य असतात, पाच मिनिटांत काम उरकतं. परवा माझ्या शेजारी आमच्याच गल्लीतल्या एक आजी बसल्या होत्या. पोलिस दारातून आत येताच, कुणी काही विचारायच्या आधीच त्यांनी पर्स उघडून कार्ड हातात धरलं. त्यांचा जन्म केलचा. नोव्हेंबर १९४४ मध्ये अख्खं गाव रिकामं करावं लागलं, मग फ्रेंचांनी ते ताब्यात घेतलं आणि मूळ रहिवाशांना टप्प्याटप्प्याने परत यायला १९५३ साल उजाडलं. "बाहेरून आमच्या घराचं छप्पर दिसायचं," त्या म्हणाल्या, "पण आत जायची परवानगी नव्हती." ते कार्ड त्यांनी घरी पोहोचेपर्यंत पर्समध्ये परत ठेवलं नाही.

त्या दिवसापासून डोक्यात जे चाललं आहे ते इथे मांडते. युरोपीय एकीकरणाबद्दल आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात: एक तर "बघा किती छान, एक चलन, एक व्हिसा", नाहीतर "झालं, आता युरोप फुटणार". माझं निरीक्षण वेगळं आहे. युरोपने, म्हणजे युरोपीय संघाच्या सत्तावीस देशांनी, जे जे सामाईक केलं ते अर्ध्यावर आणून ठेवलं. चलन एक, पण तिजोरी सत्तावीस. आतल्या सीमा उघडल्या, पण बाहेरच्या सीमेची जबाबदारी ज्याच्या वाट्याला किनारा आला त्याची. परराष्ट्र धोरण एक म्हणायचं, पण सत्तावीसपैकी एकाने मान हलवली की सगळं ठप्प. चांगल्या दिवसांत हे खपून गेलं. युद्ध दारात आल्यावर खपत नाही.

हा अर्धवटपणा आजचा नाही. १९५१ मध्ये सहा देशांनी कोळसा आणि पोलाद सामाईक केलं, कारण युद्धाची सामग्री त्यातूनच बनते. लगेच पुढच्या वर्षी त्याच सहांनी सामाईक सैन्याच्या करारावर सह्या केल्या. एक सैन्य, एक अंदाजपत्रक. कल्पनाही फ्रान्सचीच होती. आणि ३० ऑगस्ट १९५४ ला फ्रान्सच्याच संसदेने तो करार ३१९ विरुद्ध २६४ मतांनी बाजूला सारला. जर्मनांच्या हाती पुन्हा बंदूक द्यायची, या कल्पनेने तेव्हाच्या फ्रेंच माणसाच्या अंगावर काटा आला असेल तर ते समजण्यासारखं आहे. युद्ध संपून नऊच वर्षं झाली होती. पण त्यानंतर गाडं बाजारपेठेच्या वाटेने गेलं आणि संरक्षणाचं काम अमेरिकेवर सोपवलं गेलं. सत्तर वर्षं ते तसंच राहिलं.

आता अमेरिका म्हणते आहे, तुमचं तुम्ही बघा. आणि इकडे रशियावरचे आर्थिक निर्बंध दर सहा महिन्यांनी नव्याने मंजूर करावे लागतात, सत्तावीसच्या सत्तावीस देशांच्या होकाराने. म्हणजे वर्षातून दोनदा एखाद्या सरकारला अडवणुकीची आयती संधी. डिसेंबर २०२३ ची, युरोपीय संघाचं मुख्यालय असलेल्या ब्रसेल्सची बैठक आठवा. युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायची होती. हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान यांचा विरोध. शेवटी मतदानाच्या वेळी ते खोलीबाहेर गेले आणि उरलेल्या २६ जणांनी ठराव संमत केला. त्याच रात्री युक्रेनच्या ५० अब्ज युरोंच्या मदतीला मात्र त्यांनी नकार दिला. ती मदत १ फेब्रुवारीला मंजूर झाली. एका माणसाच्या खोलीत असण्या-नसण्यावर पंचेचाळीस कोटी लोकांची सुरक्षा टांगलेली राहावी, हे मला अस्वस्थ करतं.

दुसरं, पैसा ओतून भागेल असंही नाही. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख मारिओ द्रागी यांच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात एक तपशील आहे: युरोपीय देशांनी आपापल्या साठ्यातून युक्रेनला १५५ मिलिमीटरच्या तोफा दिल्या, त्या दहा वेगवेगळ्या प्रकारच्या. सुटे भाग वेगळे, दुरुस्तीचं प्रशिक्षण वेगळं. खंदकात बसलेल्या त्या तंत्रज्ञाचा विचार करा. मार्च २०२४ पर्यंत युक्रेनला दहा लाख तोफगोळे देऊ असा शब्द युरोपीय संघाने दिला होता. मुदत संपली तेव्हा निम्म्याच्या आसपास पोहोचले होते.

माझं मत स्पष्ट आहे: परराष्ट्र आणि संरक्षण या विषयांत एकमताची अट जायला हवी. पंधरा देश आणि ६५ टक्के लोकसंख्या, हे बहुमताचं गणित बाकीच्या बहुतेक विषयांत चालतंच आहे. इथे बरेच जण युरोपात राहिलेले, काम केलेले आहेत. तुमचा अनुभव आणि मत वाचायला आवडेल. विरोधी मत असेल तर जरूर लिहा.

----

अर्थार्थी | २३ सप्टेंबर २०२५

ताई, लेख आवडला. "चलन एक, तिजोरी सत्तावीस" (युरो वापरणारे वीस, जानेवारी २०२६ पासून बल्गेरिया धरून एकवीस) यावर थोडं लिहितो, कारण मुळातलं दुखणं मला तिथे दिसतं.

आपल्याकडे मराठवाड्यात दुष्काळ पडला तर रुपया घसरवून मराठवाड्याला सावरता येत नाही. रुपया सगळ्यांचा एकच. पण केंद्राकडून पैसा येतो, वित्त आयोग कररूपाने जमलेल्या रकमेचं वाटप करतो, माणसं कामाला पुण्या-मुंबईला येतात आणि त्यांची भाषा तिथे चालते. महाराष्ट्र जास्त देतो आणि कमी मिळवतो ही तक्रार आपण नेहमी करतो, तरी देतो, कारण देश एक मानला आहे. भारत सरकारचा खर्च जीडीपीच्या साधारण १४ टक्के आहे. युरोपीय संघाचं अंदाजपत्रक सगळ्यांच्या एकत्रित उत्पन्नाच्या एका टक्क्याच्या आसपास. एवढ्या पैशात बुडणाऱ्याला हात देता येत नाही.

म्हणून २००९ च्या अखेरीस ग्रीसची तूट आधी सांगितलेल्यापेक्षा कितीतरी मोठी असल्याचं उघड झालं, तेव्हा युरोपकडे काही यंत्रणाच नव्हती. कर्जामागून कर्ज, २०१० मध्ये ११० अब्ज, मग दुसरं, मग २०१५ चं तिसरं. प्रत्येकाबरोबर पगारकपात, निवृत्तिवेतनकपात. देशाचं उत्पन्न चौथ्या हिश्श्याने आटलं. जर्मन माणसाला वाटत राहिलं की आपल्या घामाचे पैसे चालले, ग्रीक माणसाला वाटलं आपल्यावर परकं राज्य आलं. आणि यातला बराच पैसा ग्रीसला कर्ज देऊन बसलेल्या जर्मन-फ्रेंच बँकांकडेच परत गेला, हे दोन्हीकडच्या सामान्य माणसाला कुणी नीट सांगितलं नाही.

नियम सगळ्यांना सारखे नव्हते, हेही लिहायला हवं. तूट ३ टक्क्यांच्या आत ठेवायचा नियम २००३ च्या सुमारास जर्मनी आणि फ्रान्सने मोडला तेव्हा कारवाई गुंडाळली गेली. लहान देश हे विसरलेले नाहीत.

२०२० मध्ये करोनात मात्र पहिल्यांदा सगळ्यांच्या नावावर मिळून ७५० अब्ज युरोंचं कर्ज काढायचं ठरलं आणि त्यातले ३९० अब्ज परत न मागण्याच्या बोलीवर वाटायचे ठरले. ही फार मोठी गोष्ट होती. पण "एकदाच, पुन्हा नाही" असं बजावून.

----

बोटीवरचा | २४ सप्टेंबर २०२५

मी मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होतो, आता दापोलीत असतो. अर्थार्थी यांनी आकडे दिले, मी पाहिलेलं सांगतो.

जुलै २०१५, पिरेउस. अथेन्सचं बंदर. आमचं जहाज दुरुस्तीसाठी आठ-दहा दिवस थांबलं होतं. त्याच आठवड्यात ग्रीसमधल्या बँका बंद झाल्या. एटीएममधून माणशी दिवसाला ६० युरो, तेही वीसच्या नोटा संपल्या की यंत्रातून ५० चीच नोट यायची. सकाळी सहाला मी बंदराबाहेर चहाच्या शोधात निघालो तर एटीएमसमोर कोपऱ्यापर्यंत रांग. आरडाओरडा अजिबात नाही. माणसं नीट कपडे करून, पुरुष इस्त्रीचे शर्ट घालून उभे होते.

पेन्शनर मंडळींकडे बहुतेकांकडे कार्डच नव्हती. त्यांच्यासाठी काही शाखा उघडल्या, १२० युरो देऊन बोळवण. जहाजाला भाजीपाला, अंडी, ब्रेड पुरवणारा एक माणूस पंधरा वर्षं ओळखीचा. उधारीवर माल द्यायचा, एजंट नंतर पैसे चुकते करायचा. त्या आठवड्यात आला आणि खाली बघत म्हणाला, "चीफ, या वेळी रोख दे. माझा घाऊकवाला रोख मागतो." त्याला ते मागताना किती जड जात होतं ते मी बघत होतो. कॅप्टनने जहाजाच्या तिजोरीतून डॉलर काढून दिले.

५ जुलैला त्यांनी सार्वमत घेतलं. ६१ टक्के लोकांनी कर्जाच्या अटींना "नाही" म्हटलं. रात्री बंदरात भोंगे वाजले, लोक नाचले. आणि आठवडाभरात सरकारने त्याहून कडक अटी मान्य केल्या. आमचा भाजीवाला सार्वमताबद्दल नंतर एक शब्द बोलला नाही. मतदानाला काही किंमत आहे असं त्याला पुढे कधी वाटलं असेल का, हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. पुढच्या वर्षी तेच बंदर, पिरेउसची कंपनी, ५१ टक्के चिनी सरकारी कंपनीकडे गेली. युरोपने विकायला लावलं आणि चीनने घेतलं. आज सुरक्षेच्या चर्चेत चीनच्या हातातली बंदरं हा विषय निघतो तेव्हा मला ती रांग आठवते.

----

ऱ्हाइनकाठची | २४ सप्टेंबर २०२५

काका, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. आम्ही तेव्हा इथेच होतो, आणि इथल्या चर्चेत "आळशी ग्रीक" हे शब्द सर्रास ऐकू यायचे. त्या इस्त्रीच्या शर्टांबद्दल कुणी लिहिलं नव्हतं.

----

नीरक्षीर | २४ सप्टेंबर २०२५

ताई, विरोधी मत मागितलंत म्हणून लिहितो. एकमताची अट काढा, हे सोपं औषध आहे, पण रोगाचं निदान चुकतं आहे.

सप्टेंबर २०१५. निर्वासितांचे लोंढे ग्रीस आणि इटलीत. वर्षभरात दहा लाखांहून जास्त माणसं समुद्र ओलांडून आली. दोन देशांवरचा भार हलका करायला १ लाख ६० हजार माणसं सगळ्या देशांत वाटून घ्यायची योजना आली. तिचा मुख्य भाग बहुमताने संमत केला. हंगेरी, स्लोव्हाकिया, चेकिया, रोमानिया विरोधात होते, त्यांना मतदानात हरवलं. तुम्हाला हवं तेच झालं. पुढे काय? हंगेरी आणि स्लोव्हाकिया न्यायालयात गेले, २०१७ मध्ये हरले. तरी हंगेरीने एकही माणूस घेतला नाही. दोन वर्षांत एकूण ३५ हजारांच्या आसपास माणसं हलवली गेली. आणि "ब्रसेल्स आमच्यावर लादतं" हा प्रचार ओर्बान यांना पुढची दहा वर्षं पुरला.

बहुमताने निर्णय घेता येतो, पण तो राबवायचा कुणी? युरोपीय संघाकडे ना पोलिस ना कलेक्टर. त्या देशाचंच सरकार राबवणार. त्याची इच्छा नसेल तर कागद कागदच राहतो.

आणि हा तर निर्वासितांचा विषय होता. तुम्ही सैन्याबद्दल बोलता आहात. उद्या आयर्लंड किंवा माल्टासारख्या तटस्थ देशाला इतरांच्या बहुमताने लष्करी निर्णयात ओढलं तर तिथल्या आईला काय सांगणार? तुझ्या मुलाला पाठवायचं दुसऱ्या पंधरा देशांनी ठरवलं? नकाराधिकार ही लहान देशांची शेवटची ढाल आहे. ती असल्यामुळेच ते आत आले. डेन्मार्कने १९९२ मध्ये युरोपीय संघ स्थापन करणारा मास्ट्रिख्ट करार सार्वमतात फेटाळला, मग संरक्षणात सामील न होण्याची सवलत घेऊन पुढच्या वर्षी होकार दिला. फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी २००५ मध्ये युरोपची राज्यघटना फेटाळली. ही घर बांधणाऱ्यांतलीच माणसं. लोक मागे आणि नेते पुढे, हे अंतर मतदानाचा नियम बदलून मिटत नाही.

----

अर्थार्थी | २५ सप्टेंबर २०२५

नीरक्षीर, मुद्दा बिनतोड आहे. एक भर घालतो. एकमताची अट सोडायची ठरवायलाही करारानुसार एकमतच लागतं. म्हणजे ज्याच्या हातातली काठी काढून घ्यायची त्याचीच सही हवी. आपल्या जीएसटी परिषदेत तीन चतुर्थांश मतांनी निर्णय होतो, केंद्राचं मत एक तृतीयांश. पण ती घटनादुरुस्ती एका संसदेने केली आणि निम्म्याहून जास्त राज्यांनी उचलून धरली. युरोपला असा वरून हुकूम देणारी संसद नाही.

----

पंचगंगा | २५ सप्टेंबर २०२५

मी कोल्हापूरची, सध्या वॉर्सात. ९ सप्टेंबरच्या रात्री रशियाची वीसेक ड्रोन पोलंडच्या हद्दीत शिरली. सकाळी उठले तर फोनवर सरकारी इशारा, ड्रोनचे तुकडे दिसले तर हात लावू नका. चोपिन विमानतळ काही तास बंद. ऑफिसात कुणी घाबरलेलं नव्हतं, पण माझ्या टेबलासमोरची सहकारी, तिचं माहेर पूर्वेला लुब्लिनच्या बाजूला, दर अर्ध्या तासाने आईला फोन करत होती.

माझं कोल्हापूर म्हटलं की इथली जुनी माणसं एकदम जवळ घेतात. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडेला पोलिश निर्वासितांची छावणी होती. पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. स्टालिनने सैबेरियात नेऊन टाकलेली, तिथून इराणमार्गे आलेली. माझी आजी सांगायची, शनिवारी त्या बायका गांधीनगरच्या बाजूने शहरात खरेदीला यायच्या, मोडकंतोडकं मराठी बोलायच्या. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे, गेल्या ऑगस्टमध्ये... नाही, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, पंतप्रधान मोदींनी तिथे फुलं वाहिली. मी गर्दीत होते.

हे सांगायचं कारण असं की पोलिश माणसाच्या सुरक्षेच्या कल्पनेत ब्रसेल्स फार उशिरा येतं. १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनी आला, १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य, आणि ज्यांनी शब्द दिला होता ते ब्रिटन आणि फ्रान्स आले नाहीत. ही आठवण घराघरात आहे. म्हणून पोलंड जीडीपीच्या ४ टक्क्यांहून जास्त संरक्षणावर खर्च करतो, २०२५ मध्ये नाटोत सगळ्यात जास्त, आणि रणगाडे अमेरिका आणि दक्षिण कोरियाकडून घेतो. "युरोपीय माल घ्या" असं फ्रान्स म्हणतो तेव्हा इथे विचारतात, कधी मिळेल? कोरियाने ऑर्डर दिल्यापासून काही महिन्यांत पहिले रणगाडे पोहोचवले.

पण त्या रात्रीचा एक तपशील ऱ्हाइनकाठची ताईंच्या बाजूचा आहे. पोलंडच्या आकाशात पोलिश विमानांबरोबर नेदरलँड्सची एफ-३५ होती, टेहळणीचं विमान इटलीचं होतं, जमिनीवर जर्मनीची पेट्रियट यंत्रणा होती. ते नाटोच्या रचनेत झालं, युरोपीय संघाच्या नाही. पण माणसं त्याच देशांची. जर्मन क्षेपणास्त्रं पोलंडच्या रक्षणासाठी उभी आहेत, हे वळिवडेच्या छावणीतल्या बाईला सांगितलं असतं तर तिला काय वाटलं असतं, याचा मी खूप विचार केला.

----

द्राक्षमळा | २६ सप्टेंबर २०२५

राम राम. निफाड तालुका. आमचा द्राक्षांचा माल रॉटरडॅमला उतरतो आणि तिथून सगळीकडे जातो, म्हणून हा विषय मला लांबचा वाटत नाही.

औषधाचे अंश किती चालतील हे सगळ्या देशांना एकच. २०१० ला सीसीसी (वेलीची वाढ रोखणारं रसायन) सापडलं म्हणून कंटेनर अडकले, आमच्या भागातली कितीतरी घरं त्या वर्षी बसली. पण नियम एक होता म्हणून सुधारणाही एकदाच करावी लागली. सत्तावीस देशांचे सत्तावीस नियम असते तर मी निर्यात केलीच नसती. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रात हल्ले चालू होते, बोटी आफ्रिकेला वळसा घालून गेल्या. पंधरा-पंधरा दिवस उशीर. थंड कंटेनरमधला मणी तेवढा वेळ धरत नाही, देठ काळा पडतो. तेव्हा युरोपने आपली लढाऊ जहाजं तिकडे पाठवली हे वाचलं होतं. रस्ता काही मोकळा झाला नाही.

मला बोलायचं आहे ते शेतकऱ्याबद्दल. पोलंडच्या शेतकऱ्यांनी युक्रेनचं धान्य वॅगनमधून रुळावर सांडलं, त्याचे फोटो बघून सगळे चिडले. मलाही अन्न सांडलेलं बघवलं नाही. पण त्याची बाजूही ऐका. युद्धामुळे काळ्या समुद्राची वाट अडली, युरोपने मदत म्हणून जकात उठवली, धान्य पुढे आफ्रिकेत जायचं ते पोलंडच्या बाजारातच मुरलं आणि गव्हाचा भाव पडला. मदत सगळ्या युरोपने केली, भाव एकट्याचा पडला. आमच्याकडे शहरातल्या महागाईसाठी कांद्यावर निर्यातबंदी येते तेव्हा लासलगावात हेच होतं.

युरोपीय संघाच्या अंदाजपत्रकाचा साधारण तिसरा हिस्सा शेतीवर जातो आणि बरंचसं अनुदान हेक्टरवर मिळतं. युक्रेन आत आला तर एवढी काळी जमीन, एवढे मोठे मळे. मग पोलंडच्या, फ्रान्सच्या वीस हेक्टरवाल्याच्या वाट्याला काय उरेल? हे त्याला आत्ताच सांगा. नाहीतर तो ट्रॅक्टर घेऊन येणार आणि जो पक्ष "युरोप नको" म्हणतो त्याला मत देणार.

----

मांडवी | २६ सप्टेंबर २०२५

द्राक्षमळा भाऊ, फार नेमकं लिहिलंत.

मी गोव्याची. आमच्याकडे १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकतं. हजारोंनी घेतलं, आणि बहुतेक जण पोर्तुगालला राहायला गेलेच नाहीत. पोर्तुगीज म्हणजे युरोपीय, म्हणून थेट इंग्लंडला. स्विंडनमध्ये तर आमचे लोक इतके आहेत की तिथे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त होतं. माझा मावसभाऊ २०१३ मध्ये गेला, गोदामात रात्रपाळी. २३ जून २०१६ ला ५१.९ टक्क्यांनी ब्रेक्झिटचा, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा, कौल लागला. त्याच्या पाळीतला इंग्लिश मुकादम, ज्याच्याबरोबर तो रोज डबा वाटून खायचा, त्याने बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं होतं. भावाने विचारलं तर म्हणाला, "तुझ्याविरुद्ध नव्हतं रे. आम्हाला इथे कुणी काही विचारतच नव्हतं."

भाऊ २०२० संपायच्या आधीपासून तिथे होता, म्हणून त्याला राहता आलं. धाकटी बहीण जायच्या तयारीत होती, तिची दारं बंद झाली. नागरिकत्व हातात, पण वाट आता युरोपीय संघापुरतीच.

बोटीवरचा काकांचा भाजीवाला आणि हा मुकादम, दोघांची तक्रार एकच आहे असं मला वाटतं. नीरक्षीर म्हणतात ते अंतर हेच.

----

ऱ्हाइनकाठची | २७ सप्टेंबर २०२५

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस ट्रॅममध्ये प्रतिसाद वाचत होते.

नीरक्षीर, निर्वासितांच्या कोट्याचं उदाहरण मला उत्तर देता येत नाही एवढं पक्कं आहे. बहुमताने ठरवून माणसं कुणाच्या गावात बसवता येत नाहीत, हे मान्य. सैन्य पाठवणं हाही प्रत्येक देशाच्या संसदेचाच अधिकार राहावा, तिथे मी माझं म्हणणं मागे घेते. पण निर्बंध आणि पैसा यांच्याबाबत नाही. रशियाचे सुमारे २०० अब्ज युरो युरोपात गोठवलेले आहेत, बहुतेक ब्रसेल्समधल्या एका संस्थेत. ते गोठलेले राहण्यासाठी २०२५ च्या अखेरपर्यंत दर सहा महिन्यांनी एकमत लागायचं. एका वेळी एकाने नाही म्हटलं असतं तर सगळा पैसा मोकळा झाला असता. इथे कुणाच्या मुलाचा प्रश्न नाही, कुणाच्या भाषेचा, शेतीचा नाही. ही ढाल लहान देशाचं रक्षण करत नाही, बाहेरच्या मोठ्या देशाला आत शिरायला फट देते.

आणि डेन्मार्कचं उदाहरण पुढे नेऊ या. ज्या डेन्मार्कने १९९३ मध्ये संरक्षणातून सवलत घेतली, त्याच्या मतदारांनी जून २०२२ मध्ये स्वतःच ती सोडून दिली, जवळजवळ ६७ टक्क्यांनी. कुणी लादलं नाही. युक्रेनवर हल्ला होऊन सव्वातीन महिने झाले होते. फिनलंड आणि स्वीडनने तटस्थता सोडली तीही अशीच. बाल्टिक देशांनी या वर्षी ८ फेब्रुवारीला रशियाच्या वीजजाळ्याशी असलेली तार तोडली आणि दुसऱ्या दिवशी युरोपच्या जाळ्याला जोडून घेतलं. त्या एका रात्रीसाठी त्यांनी कित्येक वर्षं तयारी केली होती. लोक नेहमी मागेच असतात असं नाही. संकट स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की ते पुढे येतात. माझी काळजी ही की पोर्तुगाल किंवा स्पेनमधून ते दिसत नाही. या जूनमध्ये नाटोने २०३५ पर्यंत ५ टक्क्यांचं लक्ष्य ठरवलं तेव्हा स्पेनने आम्हाला जमणार नाही म्हणून सांगितलं. स्पेनच्या आईला रशिया लांब आहे, तिला उन्हाळ्यातले वणवे जवळ आहेत.

फ्रान्सबद्दल कुणीच लिहिलं नाही, मला रोज दिसतो म्हणून लिहिते. दोन वर्षांच्या आत पाचवा पंतप्रधान. कर्ज जीडीपीच्या ११० टक्क्यांवर गेलेलं, ते कमी करायचा आराखडा मांडला की सरकार पडतं. ८ सप्टेंबरला पंतप्रधान बायरू यांचं तसंच पडलं. इकडे जर्मनीने मार्चमध्ये घटना बदलून संरक्षणासाठी कर्जाची मर्यादा सैल केली. म्हणजे पैसा आहे तो जर्मनीकडे, अण्वस्त्रं आहेत ती फ्रान्सकडे. १९५४ मध्ये फ्रेंच संसदेला जे भय वाटलं होतं, त्याच प्रश्नाशी दोन्ही देश पुन्हा येऊन ठेपले आहेत, फक्त आता माझ्या ऑफिसातले फ्रेंच सहकारी म्हणतात, जर्मनीने आणखी लवकर करायला हवं होतं. त्यातल्या एकाचे पणजोबा १८७१ नंतर जर्मन झाले, १९१८ नंतर फ्रेंच, १९४० मध्ये पुन्हा जर्मन, युद्ध संपताना पुन्हा फ्रेंच. घर बदललं नाही.

द्राक्षमळा दादा, "मदत सगळ्यांनी केली, भाव एकट्याचा पडला" हे वाक्य इथल्या एका वाचनगटात मी जर्मनमध्ये सांगितलं. आमच्यात काळ्या अरण्याच्या बाजूला डेअरी चालवणारे एक गृहस्थ आहेत. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि कांदा पिकवणाऱ्या लासलगावची बाजारपेठ कशी चालते ते विचारलं. मला लिलावाची पद्धत नीट सांगता आली नाही. इथे लिहाल का?

----

पंचगंगा | २७ सप्टेंबर २०२५

ताई, थोडं अवांतर. नोव्हेंबरात मी स्ट्रासबर्गला येते आहे, युरोपीय संसद बघायची आहे. राहायला केलमध्ये स्वस्त दिसतं आहे. पोलंडचं निवासपत्र आहे. ट्रॅमने रोज ये-जा जमेल का?

----

ऱ्हाइनकाठची | २८ सप्टेंबर २०२५

अगदी जमेल, आणि आमच्याकडेच उतर. ट्रॅम डी, पूल ओलांडला की पहिला थांबा केल स्टेशन, तिथून आम्ही सात मिनिटांवर. संसद बघायला अधिवेशनाचा आठवडा साधून ये, महिन्यात चारच दिवस सगळे खासदार असतात. निवासपत्र आणि पासपोर्ट दोन्ही जवळ ठेव, बॅगेत खाली नको, वरच्या खणात. मागतीलच असं नाही. आजींना तुझ्या वळिवडेबद्दल सांगितलं आहे, त्यांनी तुला जेवायला बोलावलं आहे.